लेव्हल २० नंतर एपिक बून कसे द्यावेत

डंजन्स अँड ड्रॅगन्स या फासे टाकून खेळायच्या भूमिका-खेळाच्या पाचव्या आवृत्तीत पात्राची लेव्हल २० ला संपते; तिथवर ३,५५,००० एक्सपी (अनुभवाचे गुण) लागतात. खेळ पुढे चालू ठेवायचा असेल तर २०१४ च्या डीएम गाइडमध्ये (खेळ चालवणाऱ्या डंजन मास्टरच्या पुस्तकात) एक ऐच्छिक नियम आहे: त्यापुढच्या दर ३०,००० एक्सपीला एक एपिक बून, म्हणजे पात्राला मिळणारा खास वर. बूनऐवजी एखादं फीट (खास कौशल्य) घेता येतं, किंवा एक अ‍ॅबिलिटी स्कोअर (ताकद, चपळाई अशा गुणांचा आकडा) २ ने वाढवता येतो. इथे २० ची मर्यादा उठते, नवी मर्यादा ३०.

आकडा भरला की बून, असं मात्र करू नका. प्राचीन लाल ड्रॅगनचे ६२,००० एक्सपी चौघांत वाटले की प्रत्येकी १५,५००. दोन ड्रॅगनमागे एक बून, इथवर ठीक. टॅरास्क या महाकाय राक्षसाचे १,५५,००० म्हणजे प्रत्येकी ३८,७५०, एकाच लढाईत बून वसूल! भोळ्या शंकरासारखे वर वाटलेत तर भस्मासुर तुमच्याच टेबलावर बसेल. एका वेळी एकच बून द्या, तोही मोठी मोहीम फत्ते झाल्यावर.

कोणता बून? बहुतेक जण बून ऑफ फॉर्टिट्यूडचे ४० हिट पॉइंट (जीव किती उरला ते मोजणारे गुण) बघून भुलतात. या पातळीवर माणूस मरतो तो सेव्हिंग थ्रो (संकटातून वाचायला टाकायचा फासा) हुकल्यामुळे. त्याच ड्रॅगनच्या आगीचा डेक्स (चपळाईचा) सेव्ह २४ चा, म्हणजे वाचायला बेरीज २४ हवी. फायटरचा डेक्स +१ आणि त्या सेव्हमध्ये प्रावीण्य नाही, म्हणजे डी२० वर (वीस बाजूंच्या फाशावर) २० पडले तरी बेरीज २१. इंडॉमिटेबल ही फायटरची क्षमता वापरून फासा पुन्हा टाकला तरी तेच. आगीचं नुकसान २६डी६ (सहा बाजूंचे २६ फासे), सरासरी ९१. बून ऑफ लकचा डी१० (दहा बाजूंचा फासा) बेरजेत मिळाला तर शंभरात १८ वेळा तो वाचतो. बून ऑफ इन्व्हिन्सिबिलिटी ते ९१ थेट शून्यावर आणतो. बून ऑफ फेट स्वतःच्या फाशाला लागत नाही, हे खेळाडू हमखास विसरतात. तो ६० फुटांतल्या, दिसणाऱ्या दुसऱ्या कोणासाठी. ड्रॅगनच्या सेव्हमधून डी१० वजा करायला उत्तम: त्याचे दिवसाचे तीन लेजंडरी रेझिस्टन्स (हुकलेला सेव्ह यशस्वी करून घ्यायची मुभा) लवकर खर्ची पडतात.

बून ऑफ हाय मॅजिक देताना हात आखडता घ्या. नवव्या पातळीचा आणखी एक स्लॉट (मंत्र टाकायची संधी) म्हणजे विझार्डला दिवसाला दोन विश, म्हणजे इच्छापूर्तीचे मंत्र.

वर सांगितलेले लक, फेट आणि इन्व्हिन्सिबिलिटी हे तिन्ही शॉर्ट रेस्टनंतर (छोट्या विश्रांतीनंतर) परत मिळतात. दिवसात एकच लढाई ठेवलीत तर प्रत्येक लढाईत ते फुकट. तीन लढाया आणि मध्ये एकच शॉर्ट रेस्ट ठेवा. शेवटच्या लढाईआधी रेस्ट मिळू नये असं वाटत असेल तर शत्रूचा विधी सूर्यास्ताला पूर्ण होणार, अशी घाई कथेतच पेरा.

२०२४ च्या नियमांत एपिक बून हे फीट आहे आणि ते लेव्हल १९ लाच मिळतं. काही नावं तीच असली तरी मजकूर बदललाय, म्हणून टेबलावर कोणतं पुस्तक चालणार हे पहिल्याच सत्रात ठरवून घ्या.