दहा दाण्यांवर एकराची पैज लावू नका : सोयाबीन उगवण चाचणी

वळवाचे ढग पन्हाळ्यावर जमायला लागले की कोल्हापूर जिल्ह्यात हातकणंगले, कागल, शिरोळकडं घरोघरी एकच प्रकार सुरू होतो. वाटीत ओलं फडकं, त्यात दहा दाणे. आठ उगवले, बियाणं झकास, चला पेरायला. दुबार पेरणीला तोंड देणाऱ्यांत मला हे दहा दाणेवालेच जास्त दिसतात, आणि त्यांच्या जोडीला चाचणीच न करणारे. म्हणून बाकी सगळं खाली थोडक्यात उरकतो, पण हे नीट ऐका.

एखादा दाणा उगवेल की नाही, हे आधी कुणी सांगू शकत नाही. शंभरांतले किती उगवले हा आकडाही दर चाचणीला बदलतो. असा आकडा म्हणजे यादृच्छिक चल. बदलतो, पण वाट्टेल तसा नाही. कुठला आकडा किती वेळा पडायचा याचा हिशेब मांडता येतो, त्याला संभाव्यता वितरण म्हणतात. उगवला किंवा नाही, असे दोनच निकाल असले की द्विपद वितरण लागतं. याकोब बर्नुलीचं हे गणित १७१३ मध्येच छापून आलंय.

आता पिशवी घ्या. समजा तिची खरी उगवण ५५ टक्के, म्हणजे बियाणं पेरायच्या लायकीचं नाही. त्यातले दहा दाणे घेतले तर सात किंवा जास्त उगवण्याची संभाव्यता ०.२७ निघते. अशी पिशवी घेतलेल्या चार शेतकऱ्यांत एक जण तरी ती चांगली समजून पेरणार! तेच शंभर दाणे लावले तर सत्तर किंवा जास्त उगवलेले हजारांत एक-दोनदाच दिसतील. उलटही होतं. ७० टक्क्यांचं चांगलं बियाणं दहा दाण्यांत पाच किंवा कमी उगवण १५ टक्के वेळा दाखवतं, आणि आपण चांगली पिशवी परत करून महागडी आणतो. दुकानदाराला काय, दोन्हीकडून बरंच.

शंभर दाण्यांतही ७० टक्क्यांच्या बियाण्याचं प्रमाण विचलन, म्हणजे आकडा सरासरीपासून साधारण किती हलतो ते, ४.६ असतं. त्याच्या दुपटीपर्यंत आकडा सहज हलतो. म्हणजे ६१ आले काय नि ७९ आले काय, दचकू नका. शंभराचे तीन संच लावून सरासरी काढा, विचलन २.६ वर येतं.

गोणपाट भिजवून पिळा, दहा ओळींत दहा-दहा दाणे मांडा, गुंडाळी करून सावलीत ठेवा, पाणी शिंपडत राहा, सात दिवसांनी मोजा. दाणे पिशवीच्या वरून, मधून, बुडातून घ्या. थप्पीतल्या खालच्या पिशव्या कमी उगवतात असा माझा अंदाज आहे. त्या आधी तपासा. प्रत्येक लॉटची, म्हणजे लेबलवर एकच गट क्रमांक असलेल्या बियाण्याची, चाचणी वेगळी करा. एक ८०, दुसरा ५०, सरासरी ६५ म्हणून दोन्ही मिसळू नका. धो-धो पावसाच्या गगनबावड्याची आणि कमी पावसाच्या शिरोळची सरासरी काढून कुठल्या गावात पेरता येतं?

एकरी बियाणं : ७० टक्क्यांना ३० किलो, पुढं प्रत्येक टक्का घटला की अर्धा किलो वाढवा. ६० टक्क्यांना ३५ किलो. त्याखाली पेरू नका. गोणपाटापेक्षा रानात थोडं कमीच उगवतं, तेवढं मनात धरा.

बाकीचं :
- ७५ ते १०० मिमी पाऊस झाल्याशिवाय पेरणी नको. वळवाच्या एका सरीवर तर अजिबात नको.
- बियाण्याला आधी बुरशीनाशक चोळा : कार्बोक्सिन ३७.५ अधिक थायरम ३७.५ टक्के, किलोला ३ ग्रॅम.
- शेवटी रायझोबियम आणि पीएसबी (स्फुरद विरघळवणारे जिवाणू) ही जिवाणू खतं, १० किलोला प्रत्येकी २५० ग्रॅम. सावलीत सुकवून लगेच पेरा.
- अंतर ४५ × ५ सेंमी, खोली ३ ते ४ सेंमी.
- पेरणी १५ जुलैच्या आत.

‘उगवण वाढवणारं’ टॉनिक पिशवीसोबत गळ्यात मारतील. मेलेला दाणा कुठल्याच बाटलीनं उठत नाही. सोयाबीन स्वपरागी आहे, म्हणजे फुलात स्वतःचाच पराग लागतो, वाण सहसा बदलत नाही. म्हणून फुले संगम किंवा फुले किमया या वाणांचं स्वतःचं बियाणं दोन-तीन वर्षं चालतं. फक्त पिशव्या आपटू नका, साल पातळ असते.

विकतचं घेतलंच तर पक्कं बिल, लेबल आणि मूठभर बियाणं पीक निघेपर्यंत जपून ठेवा. उगवण फसली तर तालुका कृषी अधिकाऱ्याकडं लेखी तक्रार लगेच द्या, रान मोडायच्या आधी.