आतड्याच्या स्लाइड्स आणि तुरीचे शेंडे

लहान आतड्याचा मोठा तुकडा शस्त्रक्रियेत काढावा लागला, तर उरलेलं आतडं काय करतं, हा माझ्या पीएचडीचा विषय. बाबांना सांगितलं तेव्हा ते धुऱ्यावरूनच म्हणाले, "म्हणजे तुरीचे शेंडे खुडल्यावानी. खुडले की फांद्या फुटतात."

पहिले काही महिने मीही असंच समजत होते. पण आतड्याला फांदी फुटत नाही. लांबी फारशी वाढत नाही. आहे त्याच लांबीत विली, म्हणजे आतल्या बाजूची बोटांसारखी टोकं, उंच होतात, त्यांच्या बुडाशी असलेले खळगे, म्हणजे क्रिप्ट, खोल होतात, आतडं रुंदावतं. या विषयात येणाऱ्याने हे आधी डोळ्यांनी बघावं, पेशींना निरोप देणाऱ्या सिग्नलची नावं मागून पाठ करावीत.

नावं तशी थोडीच आहेत. क्रिप्टच्या तळाशी स्टेम सेल, म्हणजे विभागून नव्या पेशी देणाऱ्या पेशी, असतात; एलजीआर५ ही त्यांची खूण २००७ मध्ये सापडली. विंट सिग्नल त्यांना विभागत ठेवतो. वर सरकणाऱ्या पेशीत नॉच नावाचा सिग्नल चालू असला तर ती शोषणाच्या कामाला लागते, बंद पडला तर श्लेष्मा सोडणाऱ्या गॉब्लेट पेशीसारखी स्राव करणारी होते. म्हणजे पेशी वाढल्या किती आणि झाल्या कोणत्या, हे दोन वेगळे प्रश्न. पीएचडीच्या मुलाखतीत मी दोन्हींचं एकच उत्तर दिलं होतं.

जीएलपी-२ हे संप्रेरक मात्र नीट समजून घ्या. आतड्यात अन्न आलं की आतड्यातल्याच एल पेशी ते सोडतात आणि आतड्याचं आतलं आवरण वाढतं. गंमत अशी, की त्याचा रिसेप्टर, म्हणजे निरोप पकडणारा रेणू, मुख्यतः स्टेम सेलवर नाहीच. शेजारच्या पेशी आणि चेता निरोप घेऊन पुढे पोचवतात. याच संप्रेरकासारखं बनवलेलं टेडुग्लुटाइड हे औषध २०१२ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. नेट या पात्रता परीक्षेच्या लाइफ सायन्सेसमध्ये सिग्नलिंग चौथ्या युनिटात येतं. ते वाचताना वहीत एवढंच लिहा: कोण सोडतं, कोण घेतं, मग काय होतं.

आता माझी फजिती. उंदराचं आतडं थंड सलाइनने धुवायचं, उभं चिरायचं, चटईसारखं गुंडाळायचं आणि मग पातळ काप घ्यायचे. माझे काप तिरके गेले. तिरक्या कापात विली आखूड दिसते आणि क्रिप्टची नुसती वर्तुळं दिसतात. मी दोन आठवडे तेच मोजत बसले. सरांनी एक स्लाइड बघितली आणि सगळे आकडे बाद केले. तळापासून टोकापर्यंत सलग दिसेल तीच विली मोजायची, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. तुलनेचा उंदीरही नुसता निरोगी चालत नाही. त्याचं आतडं कापून, काही न काढता, परत शिवलेलं असावं लागतं.

या विषयात येण्याआधी तालुक्याच्या कॉलेजात मायक्रोस्कोप आमच्या वाट्याला यायचाच नाही. शेवटी मी जिल्ह्याच्या मेडिकल कॉलेजात पॅथॉलॉजीच्या मॅडमना जाऊन विचारलं. त्यांनी आतड्याच्या जुन्या स्लाइड्सचा डबा पुढे केला आणि म्हणाल्या, "बघ, पण क्रमाने परत ठेव." पंधरा दिवस दुपारच्या एसटीने जात होते.