पणजोबा शोधायचे तर आधी त्यांचं शेत शोधा

मराठवाड्यात जुन्या माणसाचा माग काढायला निघालेले बरेच जण तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये आडनाव सांगतात आणि हात हलवत परततात. निजामाच्या काळच्या कागदांत आडनाव पुष्कळदा नसतंच. ‘मारुती वल्द रामजी’, म्हणजे रामजीचा मुलगा मारुती, एवढीच नोंद, आणि एकेका गावात असे दोन-तीन मारुती निघतात. म्हणून मी पणजोबांचा शोध शेतापासून घेतला. नवीन माणसालाही तेच सांगेन.

आजच्या सातबाऱ्यावरचे फेरफार (जमिनीच्या हक्कातल्या बदलाची नोंद) नंबर धरून मागे जायचं. वारसाचा फेरफार नीट वाचा; कोण वारलं आणि मागे कोण राहिलं, ते त्यात कळतं. पुढे गट नंबर अडवतो. एकत्रीकरणाआधी, म्हणजे जमिनीचे विखुरलेले तुकडे जोडून गट पाडले त्याआधी, सर्व्हे नंबर होते, त्यामुळे एकत्रीकरणाचा जबाब (जुन्या-नव्या नंबरांचा तक्ता) काढून दोन्हींचा मेळ घाला. मग 1954-55च्या सुमाराचं खासरा पत्रक, म्हणजे शेतवार मालक आणि कसणाऱ्याची नोंद, मागा. सोबत 1950च्या हैदराबाद कुळ कायद्याखालचं कुळ (दुसऱ्याची जमीन कसणारा) रजिस्टरही बघाच. आमचे पणजोबा मला तिथे भेटले. मालकाच्या रकान्यात दुसरंच नाव, कसणारे ते. घरात सगळे ‘वडिलोपार्जित जमीन’ म्हणत आलेले. ती त्यांनी आधी दुसऱ्याची म्हणून राबून कसली होती. त्या पानापाशी मी बराच वेळ बसून राहिलो.

त्याआधीचे कागद बहुधा उर्दूत, काही मोडीत. अंदाजाने वाचू नका, जाणकाराला रीतसर मोबदला देऊन वाचून घ्या. उर्दूत ऱ्हस्व स्वर सहसा लिहीत नाहीत, त्यामुळे एकच नाव दोन तऱ्हांनी वाचलं जातं. वाचणाऱ्याला घरातली सगळी नावं आधी सांगून ठेवा. साल फसली, म्हणजे निजामाच्या महसुली कालगणनेतलं असतं, इसवी सनासाठी त्यात 590 मिळवायचे. 1347 फसली म्हणजे 1937-38.

जिल्ह्याचंही ध्यानात असू द्या. जालना 1981 साली वेगळा झाला, लातूर 1982, हिंगोली 1999. आज जालन्यात असलेलं परतूर 1981आधी परभणीत होतं. एका कचेरीत ‘नाही’ म्हणाले, तर जुन्या जिल्ह्याच्या ठिकाणी विचारा.

आजोबांच्या पिढीसाठी शाळेचं प्रवेश-निर्गम रजिस्टर चांगलं. मात्र तिथली 1 जून ही जन्मतारीख अनेकदा गुरुजींनी अंदाजाने लावलेली असते.

नकलेच्या अर्जात गाव, तालुका, सर्व्हे नंबर आणि साल आधी लिहा, माणसाचं नाव त्याखाली.