जॉर्जियात पूर्वज शोधताय? आधी काउंटी कधी जन्मली ते बघा

माझं सासर अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातलं, मेटर गावाजवळचं, कृष्णवर्णीय शेतकरी कुटुंब. सासूबाईंची फार इच्छा होती की त्यांच्या आजोबांच्या लग्नाची नोंद एकदा डोळ्यांनी बघायची, म्हणून मी यात पडले. सेन्सस कसा शोधायचा, फॅमिलीसर्च या वंशावळीच्या साइटवर खातं कसं उघडायचं हे तुम्हाला येतच असेल, त्यात जात नाही.

मी कुठं अडकले ते सांगते. मेटर आज कँडलर काउंटीत आहे (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखी). लग्न 1909 चं. मी अटलांटाहून तीन-साडेतीन तास गाडी चालवून दोनदा कँडलरच्या कोर्टहाऊसला गेले, एकेक पान उलटलं, काही नाही. घरी येऊन सासूबाईंना सांगितलं की नोंदच झाली नसेल. त्या गप्प बसल्या, ते मला अजून आठवतं. आणि खरं काय तर कँडलर काउंटी बनलीच 1914 ला! बुलक, इमॅन्युअल आणि टॅटनॉल या तिघींचे तुकडे जोडून. म्हणजे 1909 ला ती नव्हतीच. आपल्याकडे कणकवलीच्या आजोबांच्या जुन्या कागदावर जिल्हा रत्नागिरी असतो ना, कारण सिंधुदुर्ग 1981 ला वेगळा झाला, अगदी तसंच. माणसं त्याच शेतात होती, हद्द त्यांच्यावरून सरकली. हे मला कळायला हवं होतं, मी कोकणातली आहे.

म्हणून परत सांगते, गाव आज कुठल्या काउंटीत आहे हे विचारू नका, त्या वर्षी कुठल्या काउंटीत होतं ते विचारा. जॉर्जियात 159 काउंट्या आहेत आणि बऱ्याच अशाच तोडून-जोडून झाल्यात. सेन्ससच्या पानावर वरती मिलिशिया डिस्ट्रिक्टचा, म्हणजे काउंटीतल्या छोट्या विभागाचा, नंबर असतो तो आधी वहीत उतरवा, काउंटी बदलली तरी तो नंबर सहसा तोच राहतो, त्याच्यावरून मागं मागं जाता येतं.

नोंद शेवटी बुलक काउंटीच्या मुख्य गावी, स्टेट्सबरोला मिळाली. तीही लगेच नाही, कारण ‘कलर्ड’ (म्हणजे कृष्णवर्णीय) लिहिलेली लग्नाची पुस्तकं वेगळी असायची आणि मी आधी दुसरीच बघत बसले होते. वेगळी पुस्तकं आहेत का हे स्पष्ट विचारा, कुणी आपणहून सांगेलच असं नाही.

ऑनलाइन तयार फॅमिली ट्री मिळतात त्या उचलू नका. एकाची चूक शंभर जणांनी कॉपी केलेली असते. पैसे घेऊन शोधून देणाऱ्यांकडेही सुरुवातीलाच जाऊ नका असं माझं ठाम मत आहे. त्यापेक्षा गावच्या लायब्ररीत वंशावळीच्या खोलीत बसणाऱ्या आज्ज्या गाठा, कुणाचं शेत कुणाच्या बांधाला होतं हे त्यांना तोंडपाठ असतं.

आणि कृष्णवर्णीय घराणं असेल तर मन घट्ट करा. 1890 चा सेन्सस 1921 च्या आगीत खराब झाला आणि पुढं जवळजवळ सगळा नष्ट झाला. गुलामीतून सुटलेल्यांची नावं सेन्ससमधे पहिल्यांदा येतात ती 1870 ला. 1850 आणि 1860 च्या गुलामांच्या याद्यांत मालकाचं नाव, खाली नुसतं वय, लिंग आणि रंग. त्याच्या मागे जायचं तर मालकाच्या मृत्युपत्रात आणि मालमत्तेच्या यादीत शोधावं लागतं, तिथं माणसाच्या नावापुढं किंमत असते. मी ते पान एकटीनं वाचलं, तुम्ही कुणाला तरी सोबत न्या.

पण मिळतं, खरंच मिळतं. गहाणखतं बघायला विसरू नका, पेरणीसाठी लोक जनावर गहाण ठेवायचे. तशा एका कागदात आजोबांच्या नावाच्या मधोमध फुली आहे, सहीच्या जागी, आणि वर लिहिलंय: एक काळी खेचर, नाव केट, वय 8. सासूबाईंनी त्या फुलीवर बराच वेळ बोट ठेवलं होतं. मग म्हणाल्या, केटच्या गोष्टी माझी आई सांगायची.

आता सासूबाईंच्या आईकडची माणसं शोधायचीत. ती टॅटनॉलच्या बाजूची, म्हणजे तिथल्या मुख्य गावी, रीड्सविलला जायचंय. या वेळी सासूबाई स्वतः येणार आहेत.