वेदपाठशाळेच्या वसतिगृहात नव्याने रुजू होणाऱ्या गृहपालासाठी

कोल्हापुरातील एका वेदपाठशाळेच्या वसतिगृहात मी अकरा वर्षे गृहपाल होतो आणि सकाळची संथाही, म्हणजे वेदाचा तोंडी पाठही, देत असे. आईवडील नसलेली, किंवा घर असूनही घरात दोन वेळची चूल न पेटणारी मुले तेथे राहून शिकत. अशा कामावर नव्याने येणाऱ्याला मी सर्वांत आधी हे सांगतो की, संथा आणि जेवणाचे ताट यांची गाठ कधीही मारू नये. पोटासाठी आलेल्या मुलाला ‘मला हे शिकायचे नाही’ असे म्हणण्याचा धीर नसतो; तो मुकाट्याने म्हणत राहतो आणि आपण त्याला गोडी लागली असे समजतो.

पूर्वी गरीब विद्यार्थी वार लावून जेवत किंवा माधुकरी मागत. त्यातून अनेकजण शिकले हे खरे, पण सोमवार ते रविवार सात घरांची मर्जी सांभाळत त्यांना वाढावे लागले. शिकणाऱ्या मुलाच्या डोक्यावरचे हे ओझे उतरवण्याचे मोठे काम याच शहरात झाले. राजर्षी शाहू महाराजांच्या पुढाकाराने १९०१ साली मराठा बोर्डिंग सुरू झाले, त्यानंतर जैन, लिंगायत, मुस्लिम अशा निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे उभी राहिली आणि १९०८ साली अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग निघाले. महाराजांचे धार्मिक विधी वेदमंत्रांनी करायला पुरोहितांनी नकार दिला, तो वेदोक्ताचा वादही इथलाच. त्यातून पुढे १९२० साली ब्राह्मणेतर पुरोहित तयार करण्यासाठी महाराजांनी वैदिक विद्यालय काढले. या गावात पाठशाळा चालवणाऱ्याने दाराशी आलेल्या मुलाची जात विचारणे मला कधीच पटले नाही, आजही पटत नाही.

गोत्राचा प्रश्न मात्र येतोच. मुंजीत आणि रोजच्या संध्येत मुलाला आपले गोत्र उच्चारावे लागते आणि ज्याला वडिलांचे नावही ठाऊक नाही तो तेथे अडतो. गोत्र माहीत नसेल तर काश्यप सांगावे, अशी परंपरेनेच सोय केलेली आहे. ती मुलाला चार जणांत न सांगता आधी एकट्याला सांगावी आणि सोबत छांदोग्य उपनिषदातील सत्यकामाची गोष्टही सांगावी. त्याची आई जबाला हिलाही मुलाचे गोत्र सांगता आले नव्हते. त्याने जे खरे तेच हारिद्रुमत गौतमांना सांगितले आणि गौतमांनी त्या सत्यासाठीच त्याचे उपनयन केले. ही गोष्ट ऐकताना मुलांचे चेहरे कसे होतात ते मी पाहिले आहे.

कागदपत्रांकडे दुर्लक्ष करू नका. बाल न्याय अधिनियम, २०१५ प्रमाणे निराधार मुलांना ठेवणाऱ्या संस्थेची नोंदणी बंधनकारक आहे आणि निराधार आढळलेल्या मुलाला, प्रवासाचा वेळ सोडून, चोवीस तासांच्या आत बालकल्याण समितीपुढे हजर करावे लागते. ‘मामाने आणून सोडले’ एवढ्यावर मुलगा ठेवून घेणे योग्य नाही. दुसरे असे की, २०१२ च्या दुरुस्तीनुसार शिक्षण हक्क कायदा वैदिक पाठशाळांना लागू होत नाही. म्हणून मुलाची गणित-इंग्रजीची सोय आपणच पाहावी लागते. उज्जैनच्या महर्षी सांदीपनी राष्ट्रीय वेदविद्या प्रतिष्ठानाचा वेदभूषण अभ्यासक्रम दहावीच्या तोडीचा धरला जातो, तरीही मी मुलांची नावे जवळच्या शाळेत घालण्याचा आग्रह धरला. वेद पुढे न्यायचा की आयटीआयला जायचे, हे पंधराव्या-सोळाव्या वर्षी ठरवताना त्याच्यापुढे दोन्ही वाटा खुल्या असाव्यात.

शिकवण्याविषयी थोडे सविस्तर सांगतो, कारण माझी मोठी चूक तेथेच झाली. गुरूने एक चरण म्हणायचा, शिष्याने तो दोनदा म्हणायचा, मग आवर्तने करायची, ही संथेची रीत. उदात्त-अनुदात्त, म्हणजे मंत्रातले उंच-खालचे स्वर, अंगवळणी पडावेत म्हणून गुरू शिष्याची मान हातात धरून वरखाली करतो. मलाही माझ्या गुरुजींनी तसेच शिकवले होते, म्हणून ऊसतोडीच्या तळावरून आलेल्या एका नऊ वर्षांच्या मुलाच्या डोक्यावर मी पहिल्याच दिवशी हात ठेवला. त्याने दोन्ही हातांनी डोके झाकून घेतले आणि तो भिंतीला टेकला. हात वर झाला की मार बसतो, एवढेच त्याला आयुष्याने शिकवले होते. त्यानंतर मी मुलांना स्वर माझ्याच हाताच्या हालचालीने दाखवू लागलो. त्या मुलाला पुरुषसूक्ताच्या सोळा ऋचा बसायला आठ महिने लागले. त्याला ‘ष’ जड जाई, पण मी त्याला घाई केली नाही.

रजेविषयी एक गोष्ट राहिली. अष्टमी, चतुर्दशी, अमावास्या-पौर्णिमा असे अनध्याय, म्हणजे पाठ बंद ठेवण्याचे दिवस, असतात. त्या दिवशी मुलांना रंकाळा तलावावर न्यावे, खेळू द्यावे. पण दिवाळीच्या सुट्टीत तुम्ही स्वतः घरी जाऊ नका. बहुतेक मुले काका-मामांकडे जातात आणि ज्यांना कोणीच नाही अशी पाच-सहा मागे राहतात. रिकाम्या खोल्यांत त्या आठ दिवसांतली रात्र त्यांना फार मोठी होते. नरकचतुर्दशीला पहाटे पाणी तापवून प्रत्येकाला स्वतःच्या हाताने तेल-उटणे लावावे. तिसऱ्या दिवाळीला तो मुलगा रांगेत सर्वांत पुढे येऊन बसला आणि त्याने आपणहून मान खाली घातली.