फ्रेमचे कोपरे जुळत नसतील तर आधी मायटर सॉ तपासा

मायटर सॉच्या (लाकूड हव्या त्या कोनात कापणाऱ्या यंत्रकरवतीच्या) अंशांच्या पट्टीवर काटा ४५ अंशांवर आहे म्हणून काप ४५ चाच येईल, असं धरून चालू नका. अर्ध्या अंशाची चूक डोळ्यांना दिसत नाही. पण फ्रेमला आठ काप लागतात, म्हणजे चौथ्या कोपऱ्यापर्यंत ती ४ अंश होते आणि फट उघडी पडते. मग लोक पुट्टी भरत बसतात!

टाकाऊ लाकडी पट्टीचे दोन तुकडे ४५ वर कापा, जोडून धरा आणि आत गुण्या (काटकोन तपासायचं साधन) लावा. उजेड दिसला तर प्रत्येक कापातली चूक त्या फटीच्या कोनाच्या निम्मी. तेवढाच काटा सरकवून पुन्हा कापा. षटकोनी चौकटीला ३० अंश, अष्टकोनीला साडेबावीस.

पातं तिरकं करायचं असेल तर प्लग काढा, वरचा फेन्स (लाकूड टेकवायची मागची उभी कड) बाहेर सरकवा आणि पातं हाताने एकदा खाली आणून कुठे अडकत नाही ना ते बघा. छोटा तुकडा बोटांनी धरायचा नाही, क्लॅम्पच लावा. हात पात्यापासून निदान वीतभर लांब, डोळ्यांवर गॉगल, हातमोजे मात्र नकोत. काप झाल्यावर बटण सोडा, पातं पूर्ण थांबू द्या, मगच वर उचला. फिरतं पातं वर घेतलं की कापलेला तुकडा उडतो.