कृत्रिम घरटी थंडी सरण्याआधीच टांगा

बागेत किंवा बांधावर पक्ष्यांसाठी लाकडी पेट्या लावायचं मनात असेल, तर ते काम थंडी सरायच्या आत उरका. ऊन तापू लागलं की ढोलीत राहणाऱ्या पक्ष्यांची जागेची शोधाशोध सुरू होते. जोडी आधी नुसती डोकावून जाते, पुन्हा येते, भोकात मान घालून आत बघते आणि मगच काडी आणते. ऐन विणीच्या तोंडावर लावलेली पेटी बहुधा त्या वर्षी रिकामी राहते. राहिली तर राहू द्या, काढू नका.

कोण येणार आणि कोण नाही, हे आधी पक्कं करून घ्या. बुलबुल, होला, सुगरण, शिंपी यांची घरटी फांदीत किंवा पानांत असतात. त्यांना पेटीचा उपयोग नाही. पेटीत येतात ते चिमणी, दयाळ, साळुंकी, राखी वल्गुली, पिंगळा, गव्हाणी घुबड. यांतल्या कुणालाच लाकडात स्वतः ढोली कोरता येत नाही. सुतारपक्षी आणि तांबट कोरतात, एक वीण काढून निघून जातात, मग त्या जागेवर यांची झुंबड उडते. म्हणून एखादं वाळलेलं झाड कुणाच्या अंगावर पडण्यासारखं नसेल, तर तोडू नका. अशा एका खोडाची सर दहा पेट्यांना येत नाही, असं माझं मत आहे.

पेटीत कोण राहील हे भोक ठरवतं. राखी वल्गुलीला २८ मिलिमीटर, चिमणीला ३२ मिलिमीटर, दयाळ आणि साळुंकीला ५ ते ६ सेंटिमीटर. भोक गरजेपेक्षा मोठं पडलं की दांडगा पक्षी लहानाला हुसकावून लावतो, आणि साळुंकी यात फार पुढे असते. लहान पक्ष्यांसाठी आतला तळ निदान १२ बाय १२ सेंटिमीटर ठेवा आणि भोकाची खालची कड तळापासून १२-१३ सेंटिमीटर वर घ्या. यापेक्षा खाली भोक असेल तर मांजराचा पंजा थेट पिल्लांपर्यंत पोचतो. फळी दीड ते दोन सेंटिमीटर जाडीची, आतून रंधा न मारलेली हवी. खरबरीत लाकडावर नखं रोवूनच पिल्लू वर चढतं. आत रंग, व्हार्निश, वाळवीचं औषध काहीही लावू नका. तळाला पाणी निथळायला चार बारीक भोकं पाडा, छपराला पुढे उतार द्या, आणि एक बाजू बिजागरीवर उघडेल अशी ठेवा. भोकाखाली बसायला दांडी ठोकायची हौस अनेकांना असते. ती टाळा, पक्ष्याला तिची गरज नसते, शिकाऱ्याला मात्र टेकायला आधार मिळतो. पुठ्ठ्याची खोकी पहिल्या पावसात लोळागोळा होतात. पत्र्याचे आणि प्लॅस्टिकचे डबे उन्हात इतके तापतात की पिल्लं आत जिवंत राहत नाहीत.

पेटी जमिनीपासून दोन ते चार मीटरवर, सावलीत बांधा. तोंड दुपारच्या उन्हाकडे आणि पावसाच्या झडीकडे नको. पेटी किंचित पुढे झुकवली की पाणी आत जात नाही. चिमण्यांना शेजार आवडतो, त्यांच्या पेट्या जवळजवळ चालतात. दयाळ आणि वल्गुली आपल्या हद्दीत जातभाईला फिरकू देत नाहीत, तेव्हा त्यांच्या पेट्या लांब लांब ठेवा. खांबावर लावत असाल तर मध्यावर पत्र्याची उलटी नरसाळ्यासारखी टोपी बसवा. मांजर आणि धामण दोघांनाही अडसर होतो. भोकाभोवती पत्र्याची चकती ठोकली की खार भोक कुरतडून मोठं करू शकत नाही.

आता उंदरांचा प्रश्न, म्हणजे गव्हाणी घुबड. शेतकऱ्याला पेटीचा सर्वांत रोख फायदा इथे आहे. इस्रायलमध्ये १९८३ पासून शेतात घुबडांच्या पेट्या लावल्या जात आहेत आणि मलेशियातल्या पामतेलाच्या मळ्यांतही हा उपाय रुळलेला आहे. पेटी साधारण ६० बाय ४० सेंटिमीटरच्या तळाची, भोक १५ सेंटिमीटरचं, आणि त्याची खालची कड तळापासून ४५ सेंटिमीटर वर. चार-पाच मीटर उंच खांबावर, मोकळ्या शेताकडे तोंड करून लावा. छप्पर दुहेरी करा, मधून हवा खेळली पाहिजे. इथे मात्र भोकाबाहेर फळीचा ओटा हवा, कारण मोठी झालेली पिल्लं उडण्याआधी तिथे येऊन पंख झाडतात. घुबड काड्या आणत नाही. मादी साधारण चार ते सात अंडी तळावरच घालते, पहिल्या अंड्यापासूनच उबवायला बसते, त्यामुळे एकाच पेटीत धाकटं पिल्लू अंगाने थोरल्याच्या निम्म्याएवढंही असू शकतं.

पेटीत वस्ती झाली की खाली काळ्या, चकचकीत, अंगठ्याएवढ्या गुठळ्या पडलेल्या दिसतात. ती विष्ठा नव्हे. घुबड उंदीर सबंध गिळतं आणि न पचलेली हाडं-केस ओकून टाकतं. गुठळी काडीने फोडली की कवट्या आणि नारिंगी दात वेगळे निघतात. किती उंदीर संपले, हे तिथेच मोजता येतं. पिकात पक्षीथांबे उभे केले तर शिकार आणखी सोपी होते: रात्री घुबडाला, दिवसा किडे टिपणाऱ्या कोतवाल पक्ष्याला. घुबड उंदीर समूळ संपवत नाही, संख्या दाबून ठेवतं. बिळं मोडणं, बांध साफ ठेवणं, सापळे लावणं चालूच ठेवावं लागतं.

पेटी आणि ब्रोमाडिओलोन, म्हणजे उंदीर मारायचं विष, एकत्र चालत नाहीत. हे खाल्लेला उंदीर जागेवर मरत नाही. काही दिवस झिंगल्यासारखा उघड्यावर फिरतो, घुबडाला तोच सहज सापडतो, आणि विष घुबडाच्या शरीरात साठत जातं. घुबडाला बांध कळत नाही, तेव्हा पेटी लावण्याआधी शेजारच्या शेतकऱ्यांशी बोलून घ्या. विष थांबवायची तयारी नसेल तर पेटी लावूच नका. कीटकनाशकाचंही तेच. दाणे खाणारी चिमणीसुद्धा पिल्लांना अळ्या-किडेच भरवते. पेटीत पिल्लं असताना आसपास फवारणी केली तर ती उपाशी मरतात. नेदरलँड्समधल्या सफरचंदाच्या बागांत वल्गुलीच्या जातभाईंसाठी पेट्या लावल्यावर अळीने होणारं फळांचं नुकसान कमी झाल्याचं अभ्यासात दिसलं आहे.

पिल्लं मोठी झाल्यावर पेटी उघडून बघू नका, घाबरून ती वेळेआधी बाहेर उड्या टाकतात. हंगाम संपला आणि पेटी रिकामी असल्याची खात्री झाली की हातमोजे घालून, नाकाला फडकं बांधून जुनं घरटं काढा, उकळतं पाणी ओता, उन्हात वाळवा. पिसवा-गोचिडांसाठी कुठलीही पावडर टाकू नका. घुबडाच्या पेटीतला गुठळ्यांचा थर दर दोन-तीन वर्षांनी खरवडा. तळ भरत भरत भोकाजवळ आला की पिल्लं कडेवरून खाली पडतात.